किल्ला दाखवायला नेलं

दिवाळीची सुट्टी लागली आणि सोनाजीने घरात जाहीर केलं, की औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊ आणि येताना वाटेतला जुना किल्ला पाहू. निजामाच्या राज्यात किल्ले उदंड, पण डोंगरकडा गावच्या या घरातून नुसता किल्ला पाहायला आजवर कुणी गाडी जुंपली नव्हती. धाकटा भाऊ संतराम तयार होईना. त्याची बायको चतुराबाई पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारली होती.

"चाल की," सोनाजी म्हणाला. "लेकराला तोफ दाखवू."

किल्ल्यात सोनाजी भलताच रंगात आला. दरवाजाचे खिळे दाखवले, बुरुजावर चढवलं, संतरामच्या तीन वर्षांच्या लेकीला तोफेच्या तोंडात डोकावायला लावलं. "हितं राजा बसायचा," असं त्याने तीन वेगवेगळ्या जागी सांगितलं.

"दादा, एका राजाला किती जागा?" संतराम म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो असं काही बोलला होता.

विहिरीजवळ लिंबाखाली एक कुटुंब शिदोरी सोडून बसलं होतं. सेनगावकडचे दगडोबा, त्यांची बायको आणि नवं लुगडं नेसलेली लग्नाची मुलगी.

"अरे पाव्हणं! तुमी हितं कसे?" सोनाजी ओरडला. त्याला नवल वाटलेलं मात्र दिसेना.

संतरामला सगळं उमगलं. उठून जावं असं वाटलं. पण त्या मुलीने न सांगता लेकराला जवळ घेतलं, दुधात भाकरी कुस्करली आणि गोष्ट सांगत भरवली. आई गेल्यापासून लेकरू तोंड फिरवायचं. आज पोटभर जेवलं. संतराम बसून राहिला. हो म्हणावं का, असं त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं.

दगडोबांची बायको हळूच म्हणाली, "दुसरेपणावर द्यायची म्हंजे जिवाला घोर लागतो, बाई. पहिलीचा तरास होऊ नाही."

"त्याची तकलीफच न्हाई," सोनाजीची बायको शकुबाई म्हणाली आणि पदराची गाठ सोडली. आत चांदीचा टाक होता. दुसरीने पहिलीची मूर्ती गळ्यात घालायची, तो सवतीचा टाक. "हे पाहा, तयारच हाय."

दगडोबांनी तो हातात घेऊन पाहिला. "एवढ्या लवकर कसा भेटला? दिवाळीत सोनाराला दम नसतो."

"दिवाळीत कुठला! आखाडातच करून ठिवला. तवा सोनार मोकळाच बसून होता."

शकुबाईला आपण काय बोललो ते कळायला वेळ लागला.

"वैनी," संतराम म्हणाला, "आखाडात ती जित्ती होती."

"वैद्यानं हात टेकले होते, भावजी."

"चांदी कुठली?"

शकुबाई सोनाजीकडे पाहू लागली.

"तिचे वाळे न्हवं?" संतराम म्हणाला. "पायाला सूज आली म्हणून काढले, जपून ठिवते म्हणलात. ती रोज इचारायची, सूज उतरली का पाहा, वाळे घालते."

"म्या कुणासाठी केलं? तुमच्या लेकरासाठीच ना?" शकुबाईचा आवाज चढला.

दगडोबांनी टाक खाली ठेवला. "ऊठ गं," ते मुलीला म्हणाले. मग सोनाजीकडे वळले. "आमची पोरगी उद्या तापानं पडली, तर तुमी सोनाराकडं जासाल. राम राम."

मुलीने लेकराला मांडीवरून उतरवलं. लेकरू तिच्या लुगड्याला धरून रडू लागलं. तिने त्याची बोटं एक एक करून सोडवली.

ते गेल्यावर सोनाजी भडकला. "झालं समाधान? आता कोण देईल तुला पोरगी?"

संतरामने टाकासाठी हात पुढे केला. शकुबाईने आधीच तो उचलून पुन्हा पदराला बांधला होता. "राहू द्या," ती म्हणाली. "दुसरी पाहताना लागंल."

संतराम लेकराला कडेवर घेऊन पायीच निघाला. मागून गाडी आली. ऊन तापलं होतं, लेकरू रडून रडून लाल झालं होतं आणि घरी त्याला भाकर देणारं शकुबाई हे एकच माणूस होतं. गाडी थांबली. शकुबाईने हात पसरले. संतरामने लेकराला तिच्याकडे दिलं आणि गाडीच्या मागे धुळीतून चालू लागला.