गुलाबदाणीत मिरपूड

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची गुलाबदाणी आहे. आज माझ्या अंगाला मिरीचा वास येतो, पण त्यावरून मला ओळखू नका.

हुपरीच्या एका कारागिरानं मला घडवलं. पोट डाळिंबासारखं, मान हंसासारखी, डोक्यावर चाळणीसारखी बारीक भोकं. तिथून मी पुण्याला शोभनाताईंच्या घरी आले. कार्य निघालं की त्या मला रांगोळीनं घासून लख्ख करत आणि पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडताना गुणगुणत,

"शिंपिते गुलाब, दारी माझ्या कोण आलं,
आलेल्या मैनेचं मन ओलं ओलं झालं."

त्यांच्या लहानग्या अनुराधानं एकदा मला जिन्यावरून घरंगळवलं. माझ्या पोटाला खळगी पडली आणि माझ्याहून तीच जास्त रडली.

लग्नानंतर अनुराधा मला शारजाला घेऊन आली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी असायचेच. एकदा खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या सुरैय्याभाभी आल्या, "अनुराधा, नबिलाच्या निकाहाला तुझी गुलाबदाणी दे गो." परत करताना रिकामी कशी द्यायची, म्हणून त्यांनी मला काठोकाठ गुलाबपाण्यानं भरून दिलं. किती मान होता माझा!

मग सत्त्याण्णव सालचा डिसेंबर आला. अनुराधाच्या नवऱ्याच्या, चारुदत्तच्या ऑफिसात नवा अमेरिकन साहेब आला होता. त्यानं ख्रिसमसला सगळ्यांना घरी बोलावलं.

"तिथे गिफ्टचा काहीतरी गेम आहे," चारुदत्त म्हणाला. "घरात नको असलेली वस्तू आणा म्हणालेत."

"अहो, तशी बोलायची पद्धत असते! आपण नाही का पत्रिकेत छापत, आहेर आणू नये म्हणून? मग काय रिकाम्या हातानं जातं कुणी?"

"तेही खरंच. यल्ला, चल, मग चांगलं काहीतरी काढ. बॉसचं घर आहे."

अनुराधानं मला काढलं, घासलं, सोनेरी कागदात गुंडाळलं. मला वाटलं, यंदा संक्रांत लवकर आली.

साहेबांच्या घरी एसी लावून कापसाचा बर्फ पसरला होता. एकेकानं पुडकं उचलायचं, नाहीतर दुसऱ्याच्या हातातली वस्तू हिसकावायची, असा तो खेळ. कुणाच्या पुडक्यातून प्लॅस्टिकचा मासा निघाला, कुणाच्या एकच हातमोजा. हशा पिकत होता. साहेबांच्या बायकोनं, लिंडाबाईंनी, माझा कागद सोडला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"ओ माय गॉड! इज धिस रिअल सिल्व्हर?"

चारुदत्तचे कान लाल झाले. तो हसला. "नो, नो! जस्ट सम ओल्ड थिंग. घरात पडली होती."

मी अनुराधाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

तरी वाट होती. तिची पाळी आली, तेव्हा मुलगी अवनी तिच्या कानाशी लागली. "मम्मा, टेक इट बॅक! यू आर अलाउड!"

"शू! दिलेलं मागे घेतात का?"

आणि अनुराधानं दुसरं पुडकं उचललं. त्यातून कानतुटका मग निघाला. "व्हेरी नाइस," ती म्हणाली.

लिंडाबाई वाईट नव्हत्या हो. मी कोण, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी भोकं पाहिली आणि माझ्यात मिरपूड भरली.

पुढच्या ख्रिसमसला तीच मंडळी जेवायला बसली. "अनुराधा, पास द पेपर, प्लीज," लिंडाबाई म्हणाल्या.

अनुराधानं मला उचललं. तिचा अंगठा बरोबर त्या खळगीत गेला आणि थांबला. मित्रांनो, माझा जीव तिथे गोळा झाला. ही माझ्या आईची, एवढं म्हटलं असतं, तर लिंडाबाईंनी मला तिथल्या तिथे धुऊन तिच्या ओटीत घातलं असतं. चारुदत्त ताटात बघत होता. अनुराधानं आपल्या बटाट्यावर चिमूटभर मिरपूड शिंपडली.

"हिअर यू आर," म्हणाली, आणि मला पुढे सरकवलं.

जिन्यावरून पडले तेव्हा लागलं नव्हतं एवढं.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तूंना एक वेळ घासू नका, मखमलीत ठेवू नका. पण चारचौघांत समोर आल्या, तर ओळख द्या. हातानं ओळखलेलं तोंडानं नाकारू नका. मी अजून त्याच टेबलावर उभी आहे. खळगी बुजलेली नाही. तिच्या अंगठ्याएवढी जागा आहे तिथे.