टिचबटणांचा सदरा

मित्रांनो, मी एक जुना सदरा आहे, आणि काळजी करणं हा माझा स्वभाव आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही काळजीच केली असती. ज्याची कॉलर सकाळी एक आणि दुपारी दुसरी, ज्याची उजवी बाही निळी आणि डावी पांढरी, त्याला स्वस्थ झोप कशी लागावी?

माझा जन्म एका वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाला. खाली लाँड्री होती, त्यामुळे फरशी कायम कोमट असायची. मला जन्म देणाऱ्या दोघी: आत्या आणि तिची भाची. आत्या कपड्यांच्या कारखान्यात वर्षानुवर्षं फक्त कॉलरी लावत होती. अख्खा सदरा शिवायची संधी तिला तिथे कधी मिळालीच नाही. भाची कपड्यांचं डिझाइन शिकून आलेली. तिच्या डोक्यात कल्पना आली, की गिऱ्हाइकाने कॉलर निवडावी, बाही निवडावी, खिसा कुठे हवा ते सांगावं, आणि आपण त्याच्या मापाने शिवून द्यावं. आत्याला ही कल्पना इतकी आवडली, की तिने कारखान्याला रामराम ठोकला.

पण गिऱ्हाइकाला दाखवायचं कसं? म्हणून मी. माझा प्रत्येक भाग काढता-घालता येईल असा केलेला. खांद्याला शिवण नाही, टिचबटणं. सदरा ढगळ हवा की अंगाबरोबर, हे पटकन दाखवता यावं म्हणून दोन्ही कुशींना टिचबटणं, आणि बाहीला बगलेपासून मनगटापर्यंत टिचबटणं. मी उभाच होतो तो बटणांच्या भरवशावर. कुणी जोरात शिंकलं तरी वाटायचं, आता सुटलो!

लोक यायचे, नाही असं नाही. एक मिशीवाले गृहस्थ आले. त्यांनी माझ्या सगळ्या कॉलरी लावून पाहिल्या, मग सगळ्या बाह्या, मग खिसा उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आत्याने त्यांना दोनदा चहा दिला. शेवटी ते म्हणाले, "छान आहे हो! घरी विचारून येतो." त्यांच्या घरी काय विचारविनिमय झाला कोण जाणे, ते परत फिरकले नाहीत. मग दोन मैत्रिणी आल्या. त्यांनी मला घालून फोटो काढले आणि हसत हसत जिना उतरल्या. त्यांचं पाहून तिसरी आली, तिनेही घरी विचारायचं ठरवलं. मला तर वाटायला लागलं, की या गावातली घरं फार कडक आहेत.

कारखान्यातल्या मुकादमाने आत्याला निरोप पाठवला होता, "महिनाअखेरपर्यंत तुमची जागा धरून ठेवतो. पुढे माझ्या हातात नाही." तेव्हापासून आत्या कॅलेंडरकडे पाहायची नाही आणि मी तिच्याकडे पाहायचो नाही. ती परत गेली तर खोली सोडावी लागणार, भाची कुठेतरी नोकरी शोधणार. आणि मी? मी फडकं होणार. रात्रंदिवस माझा जीव टांगणीला लागलेला.

महिना सरत आला आणि एक सूनबाई आली. गावात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटरबाबा होते, त्यांची ही सून. तिने कॉलरींकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या बाहीची टिचबटणं तिने एकेक करून उघडली, पुन्हा लावली, पुन्हा उघडली.

"मला असाच्या असा हवाय," ती म्हणाली.

आत्या हसली. "अहो ताई, हा नुसता दाखवायचा आहे. तुमचा आम्ही पक्का शिवून देऊ. एक टाका उसवणार नाही, शब्द देते."

"पक्का नकोय हो मला."

"असं कसं? धुतल्यावर सगळं सुटून यायचं. आमचं नाव खराब होईल."

भाचीने लगबगीने कॉलरींचा डबा पुढे केला. सूनबाई काहीतरी बोलणार होती, पण तिने माझ्या बाहीवरचा हात काढून घेतला. "राहू दे. घरी विचारते," म्हणाली आणि गेली. ते वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की कुणाला काही वाटलंच नाही. मी मात्र तळमळत होतो. तिची बोटं बाहीवरून जशी फिरली, तशी कुणाचीच फिरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्याने मला टेबलावर उताणं पसरलं. "कारखान्यात परत जायचंच आहे, तर टिचबटणं तरी काढून घेऊ. कुठेतरी कामाला येतील," ती भाचीला म्हणाली. भाचीने तोंड फिरवलं. आत्याने कात्रीचं टोक खांद्याच्या पहिल्या बटणाखाली घातलं. कट्. बटण गेलं. दुसरं गेलं. माझी अवस्था काय सांगू, मित्रांनो! ओरडायला तोंड नाही आणि पळायला पाय नाहीत.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली, फार सावकाश. दारात सूनबाई उभी, आणि तिच्या मागे पेंटरबाबा, धापा टाकत. त्यांचा उजवा हात नुसता लोंबत होता. ज्या हाताने अर्ध्या बाजारपेठेच्या पाट्या लिहिल्या, तो आजारपणानंतर उचललाच जात नव्हता.

"काल मी सांगितलं नाही, बाबांना आवडत नाही कुणाला कळलेलं," सूनबाई म्हणाली. "सदरा घालून द्यायला गेलं की चिडतात. म्हणून दिवसभर बनियनवर बसतात, कुणी मित्र आले तर आत निघून जातात."

"दुसऱ्याच्या हातून कपडे घालायचा कंटाळा आलाय मला," बाबा म्हणाले. "जरा बघू तो सदरा."

आत्याने कात्री खाली ठेवली. बाबांनी डाव्या हाताने मला उलगडलं, लुळा हात उघड्या बाहीत ठेवला आणि मनगटापासून एकेक बटण दाबत वर निघाले. टिच. टिच. एक निसटलं. आत्या मदतीला धावली, तर सूनबाईने तिचा हात धरला. "थांबा. त्यांना करू द्या."

खूप वेळ लागला. खांद्याची दोन बटणं नव्हती, तिथे फट राहिली. बाबा आरशासमोर उभे राहिले, स्वतःकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "ही कॉलर नको. मला शोभत नाही."

मग त्यांनी सगळ्या कॉलरी लावून पाहिल्या, सगळ्याच्या सगळ्या! आत्या डोळे पुसत होती आणि डबा धरून उभी होती. खांद्याची बटणं तिने तिथेच, त्यांच्या अंगावर, घाईघाईत टाचली. मला अंगात घालूनच बाबा जिना उतरले. नंतर त्यांच्या ओळखीने हात मोडलेले, सांधे आखडलेले लोक आत्याकडे येऊ लागले. मुकादमाने ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकली.

आता माझा रंग विटलाय, टिचबटणं सैल झालीत. रोज सकाळी धाकधूक असते, आज साथ देतील ना? मित्रांनो, आमची टिचबटणं ओढून तोडू नका, सैल झाली तर वेळेवर बदला. आणि कुणाला कपडे घालायला वेळ लागत असेल, तर त्याच्या हातातलं बटण हिसकावून घेऊ नका. आधी विचारा.

आज मनगटाचं बटण दोनदा सुटलं. बाबा पुटपुटले, थांबले, पुन्हा त्याच्या मागे लागले. दाराबाहेर सूनबाईची पावलं वाजली आणि तिथेच थांबली. ती आत आली नाही.