घोटाभर पाण्यातली कोळशाची खाण

मी आता जे सांगणार आहे, ते तुम्हाला खरं वाटायचं नाही. वाटलंच, तर माझं सांगणं फसलं म्हणायचं. माझी सून शालनबाई तर आत्ताच गालात हसते आहे. समोर बसून तांदूळ निवडते आहे, आणि तिच्या सुपातून खडा निसटल्याचं मला आठवत नाही.

पंचावन्न सालचा उन्हाळा. आमच्या पुनावळ्याच्या ओढ्यावर नुसती जत्रा लोटलेली. पार माण गावापासून लोक गाड्या जुंपून आलेले, कारण ओढा काळा वाहत होता. आता ओढा तरी केवढा? वरपासून खालपर्यंत कुठंही घोट्याच्या वर पाणी नाही. म्हैस बसली तर अर्धी कोरडी राहायची. पण पाणी शाईसारखं, आणि काठावर भस्म फासलेला, जटावाला एक बाबा.

"वर माती, खाली काळी, पोटात बसली महाकाली!" बाबा गर्जायचा. जमिनीखाली कोळशाची खाण आहे, तिच्यातून काळी गंगा फुटून ओढ्याला मिळाली आहे, असं त्याचं म्हणणं. जिथं कोळसा तिथं कंपनी, जिथं कंपनी तिथं घरोघरी विजेचा पंखा. गावात वीज नव्हती, तरी आमच्या उद्धवरावांनी पंख्यासाठी आढ्याला कडी ठोकून घेतली. काही भाविकांनी ते काळं तीर्थ प्यायलंसुद्धा. ते मग दिवसभर ओढ्याकाठीच दिसायचे, पण भक्तीमुळं नव्हे.

बाबाचा नियम एकच. उंबराच्या झाडापलीकडं वरच्या अंगाला कुणी पाऊल टाकायचं नाही, तिथं देवी न्हाते.

आणि अडचणही एकच. देवी म्हणे रुक्मिणीबाईच्या मळ्याखाली बसली होती. रुक्मिणीबाई एकटी बाई. ओढ्याकाठच्या गाळाच्या पट्टीत वांगी काढायची, चिंचवडला नेऊन विकायची, त्यावर तिचं पोट. ती पट्टी बाबाच्या नावावर झाल्याशिवाय देवी कोळसा वर सोडणार नव्हती. सगळं गाव तिच्या मागं लागलं. तुझ्या वांग्यांपायी आमचे पंखे अडले, असं लोक तिला तोंडावर सुनवू लागले. शेवटी अमावास्येला अंगठा द्यायचं बिचारीनं कबूल केलं.

अमावास्येच्या आदल्या सकाळी ओढ्यात एक अनोळखी माणूस उतरला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्याला बाटल्यांची झोळी. दारूबंदीचे दिवस ते. बाटल्या बघून गावातले काही सज्जन कडब्याच्या गंजीआड दडले. पण तो निघाला ओढ्यानाल्यांचं पाणी मोजत फिरणारा सरकारी माणूस, नवाबसाहेब. ओढ्याची रुंदी मापायची, पट्टे रंगवलेल्या काठीनं खोली बघायची, पाण्यावर लिंबाचं पान सोडून घड्याळ हातात धरून त्याच्यासोबत चालायचं. एवढ्यावरून ओढा किती वाहतो ते त्याला कळायचं.

उंबरापाशी बाबा आडवा आला. देवी न्हाते म्हणाला.

"मी पाण्याकडं बघतो, बाबा. देवीकडं नाही," असं म्हणून नवाबसाहेब वर गेलेसुद्धा.

परत येऊन त्यांनी बाटल्या खडकावर मांडल्या. वरची निवळशंख, खालची काळीकुट्ट. बाबानं मांडीवर थाप मारली. बघा, मधेच गंगा मिळाली! लोकांनी पुन्हा हात जोडले.

नवाबसाहेब शांतपणे म्हणाले, "गंगा मिळाली तर ओढ्यात भर पडायला हवी ना? वर जेवढं पाणी वाहतंय, तेवढंच खाली वाहतंय. पाणी मिळालेलं नाही, बाबा. नुसता रंग मिळालाय."

मग रुक्मिणीबाई पुढं झाली.

"म्हंजी वर कुनीतरी कालवतंय व्हय?"

तिनं पदर खोचला आणि सरळ उंबर ओलांडून गेली. लव्हाळ्यात हात घालून तिनं ओढलं ते एक गोणपाट, मुळीला बांधलेलं, आत कोळशाची भुकटी आणि खडे. चार खडे उचलून तिनं बाबासमोर धरले.

"देवीनं ह्यो अर्धा जाळून मंग पोटात ठिवला व्हय?"

तेव्हा गावाची ट्यूब पेटली, म्हणजे वीज नसतानाही. नदीपल्याडच्या वीटभट्टीवर असलाच अर्धवट जळका कोळसा पडलेला असायचा, आणि त्या भट्टीवाल्याचा रुक्मिणीबाईच्या गाळाच्या मातीवर कधीपासून डोळा होता. बाबा त्याचाच माणूस.

नवाबसाहेब झोळी उचलता उचलता म्हणाले, चमत्कार दिसला की हात खुशाल जोडा, पण आधी ओढ्याच्या वरच्या अंगाला चालत जाऊन या. मीही तुम्हाला तेच सांगतो. जिथं जायला कुणी मना करतं, तिथंच आधी बघायचं. देव असेल तर तो काही रागावणार नाही, आणि भोंदू असेल तर मळा वाचेल. रुक्मिणीबाईचा वाचला. त्या रविवारी तिची वांगी चिंचवडच्या बाजारात होती. उद्धवरावांच्या कडीला पुढं कांद्यांच्या माळा लागल्या.

आणि बाबा? तो पळाला. पण मी कसला सोडतो! त्यानं ओढ्यात उडी घेतली, मागोमाग मी सूर मारला. पुरुषभर पाणी, तळाशी मिट्ट काळोख. बाबा गटांगळ्या खातोय, मी बुडी मारून त्याच्या जटा धरल्या, तर त्या सगळ्या माझ्या हातात...

सुपातला हात थांबला.

"मामंजी," शालनबाई म्हणाली, "वर घोटाभर पाणी, खाली पुरुषभर. मधे कुठली गंगा मिळाली?"