अकरा वर्षं धुण्यात असलेला झगा

लिंकनशायरच्या पाणथळीतल्या त्या गावात पाद्रीबाबांचा पांढरा झगा अकरा वर्षं धुण्यात होता. प्रार्थना झगा घालूनच चालवायची, हा बिशपचा हुकूम. पाद्री हिल्किया थॉर्प पडले कडवे प्युरिटन, पोपच्या थाटमाटाचा विटाळ मानणारे. त्यांना तो झगा म्हणजे पोपने टाकलेली कात वाटे. पण भाकरी बिशपची. म्हणून बिशपचा तपासनीस आला की ते मान खाली घालून सांगत, धुण्याला दिलाय.

धुणं असे विधवा टॅमसिन बर्डॉककडे. ती स्वतः थॉर्पांच्या चर्चची पायरी चढत नसे. बिशपशी काडीमोड घेतलेली मंडळी चांभार ओबादाया पिंचबेकच्या गोठ्यात चोरून भरे, प्रवचनही तोच करी; तिथे तिची बैठक. तिचं गुपित मात्र वेगळंच होतं. झगा आता नव्हताच. तिसऱ्या वर्षी तो बगलेत विरला आणि तिने त्याला कात्री लावली. चर्चचं कापड कापायचं म्हणजे सरळ तुरुंग.

सोमवारी ती चादरी बडवत असताना ओबादाया अंगणात आला. म्हणाला, तो झगा आण, मंडळीसमोर जाळू, नाहीतर मंडळीतून नाव काढतो. मागोमाग थॉर्प धापा टाकत आले. तपासनीस पुलापाशी पोचला होता. टॅमसिनबाईंनी झगा अजून ओलाच आहे म्हणावं, एवढीच त्यांची विनवणी.

"एक पाय पापनगरी बाबेलच्या बाहेर, दुसरा बिशपच्या उबदार सपातेत," ओबादाया म्हणाला. "चालता कसे हो पाद्रीबाबा?"

"तुझ्यापेक्षा बरा चालतो. तू वेगळा होता होता एक दिवस स्वतःच्या सावलीला वाळीत टाकशील."

मग दोघांनी प्रेषितांची वचनं एकमेकांवर अशी भिरकावली, की डबक्यातली बदकं उडून शेजारच्या परगण्यात गेली ती ईस्टरलाच परतली.

तेवढ्यात तपासनीस फाटकातून आत आला आणि झगा मागितला.

खोटं बोलावं तर नरक, खरं बोलावं तर कोठडी. टॅमसिनने हात पुसले, ओबादायाजवळ गेली आणि त्याच्या गळ्याची पांढरी पट्टी उलटवली. आत लाल दोऱ्याने घातलेली चर्चची खूण होती.

"हा घ्या साहेब. विरलेला भाग टाकला, चांगला वापरात आणला. यांना खोकला होतो ना, म्हणून दरसाल नवी पट्टी शिवून देते. आठ वर्षं झाली, दर रविवारी हीच घालून प्रवचन करतात."

ओबादायाने पट्टी घाईघाईने सरळ केली. आपण चर्चचे प्रवचनकार नाही म्हणावं, तर गोठ्याचं बिंग फुटणार. थॉर्प ढग निरखू लागले. तपासनीसाने वहीत लिहिलं: झगा वापरात आहे, जरा आखूड.

टॅमसिनचं नाव काढायचं मग कुणाला आठवलं नाही. शनिवारी ओबादायाची पट्टी धुण्याला आली, सोबत निरोप: कापड निर्दोष आहे, पाप तेवढं लाल दोऱ्यात, तो उसव. रविवारी थॉर्पांनी दोन तास उलटं सिद्ध केलं: कापड भ्रष्ट, दोरा निष्पाप.

टॅमसिनने दोरा उसवला आणि जपून ठेवला. थॉर्पांच्या रुमालाची कड सुटली होती.