काचेआडची परीक्षा

आमच्या वृद्धाश्रमात नोकरी मागायला येणारा प्रत्येक जण सेवेच्या गप्पा मारतो. माझा त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास नाही. म्हणून मी उमेदवाराला आधी अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसवते. तिथे आमच्या इथल्या एक विसरभोळ्या आजी बसलेल्या असतात. त्या दर दोन मिनिटांनी विचारतात, "किती वाजले?" मी ऑफिसच्या काचेआडून बघत राहते. चौथ्या वेळेपर्यंत सगळा सेवाभाव गळून पडतो. कुणी मोबाईलमध्ये डोकं घालतं, कुणी उठून नोटीसबोर्ड वाचायला लागतं.

आजच्या मुलीने मात्र बारा वेळा उत्तर दिलं, तेही दर वेळी घड्याळ बघून, हसून. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतकं गोड कुणी नसतं.

ती आत येताच मी तिला सरळ विचारलं, "खरं सांग, बाहेर परीक्षा घेतात हे तुला कुणी सांगितलं?"

ती जराही गडबडली नाही. "आजींनीच."

"काहीतरीच! त्यांना पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाही."

"त्यांना सगळं आठवतं, मॅडम. आल्या आल्या मला म्हणाल्या, काचेआडून बाई बघतेय, नीट उत्तर दे, नोकरी लागेल."

"आणखी काय म्हणाल्या?"

मुलगी पहिल्यांदाच अडखळली. "म्हणाल्या, बाईंना मी सहा वर्षं विचारतेय. त्यांनी अजून एकदाही वेळ सांगितली नाही."