तेविसाव्या पानावरचं मेण

मित्रांनो, मी एक जुना लिब्रेटो आहे. नाव भारदस्त, अंगकाठी तळहाताएवढी. इटालियन भाषेत 'लिब्रो' म्हणजे पुस्तक आणि 'लिब्रेत्तो' म्हणजे छोटंसं पुस्तक. पुस्तकुलं म्हणा ना! ऑपेरात सगळी गोष्ट गाऊन सांगतात. ते शब्द प्रेक्षकांना कळावेत म्हणून चिमुकल्या पुस्तकांत छापून दारात विकत. हळूहळू पुस्तकाचं नाव आतल्या शब्दांनाच चिकटलं. आता तेच शब्द उशीएवढ्या ग्रंथात छापले, तरी त्यांना पुस्तकुलंच म्हणतात!

माझा जन्म नाट्यगृहामागच्या छापखान्यात झाला. अक्षरांचे खिळे जुळवणारे काका माझी गोष्ट वाचून रडायचे आणि शाईच्या फडक्यानंच डोळे पुसायचे. आम्ही आठशे भावंडं. खेळाला प्रत्येक प्रेक्षकाच्या एका हातात वाचायला मेणबत्ती, दुसऱ्या हातात आम्ही. आठशे पानं एकदम उलटली, की असा वारा सुटायचा, की पुढच्या रांगेतल्या टोप्या उडायच्या. खोटं नाही सांगत; एक टोपी अजून झुंबराला लटकते आहे.

मान मात्र बेताचाच. गाणं रंगलं की वाहवा सुरांची, पडलं की खापर शब्दांवर!

मला विकत घेतलं एका बॉयलर बनवणाऱ्या कारागिरानं. हातोड्याच्या दणदणाटानं त्यांचे कान पार गेले होते. घरात ते आणि त्यांची लेक आवाज न करता, नुसते ओठ हलवून बोलत. त्या दिवशी लेक पहिल्यांदाच नायिका होणार होती. गाणं फसलं, तर उद्यापासून पुन्हा मागच्या रांगेत कोरस.

"बाबा, ऐकू येणार नाही, मग येऊन करणार काय?" ती ओठांनीच म्हणाली.

"वाचीन की! तू तिकडे गा, मी इकडे वाचतो. बघू कोण पुढे जातं."

तेविसावं पान आलं. तिचं मोठं गाणं सुरू झालं, आणि मधेच ती गप्प! शब्दच आठवेनात. रंगमंचाखाली बसून शब्द पुरवणाऱ्या प्रॉम्प्टर मास्तरांना नेमकी उचकी लागलेली. वादकांनी तोच तुकडा पुन्हा वाजवला. पुन्हा.

बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांची नजर माझ्यावर खिळलेली. 'दार उघडं ठेव, मी वाऱ्यासारखी येईन' ही ओळ त्यांना इतकी आवडली होती, की ते ती ओठांनी पुन्हा पुन्हा घोळवत होते.

लेकीची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांकडे गेली. तिनं मेणबत्तीच्या उजेडात ते ओठ पाहिले, आणि अडलेली ओळ उचलली! बाबांनी मान वर केली. समोर तेच शब्द, लेकीच्या ओठांवर. हातातल्या मेणबत्तीचं त्यांना भानच राहिलं नाही, ती कलली आणि टपकन एक थेंब माझ्या अंगावर पडला. चटका बसला, पण मला हलावंसंच वाटेना. माझ्यातले मुके शब्द एका बहिऱ्या माणसाकडून निघाले होते आणि सगळं सभागृह ते ऐकत होतं.

खेळ संपल्यावर लेक त्यांच्या गळ्यात पडली. मग तोंडासमोर येऊन म्हणाली, "बाबा, आज तुम्ही माझी लाज राखलीत."

"मी? अगं, मी तर चकार शब्द काढला नाही!"

मित्रांनो, आता मी एका कपाटात असतो. मला झटका, ऊन दाखवा, कसरीपासून जपा. पण तेविसाव्या पानावरचा तो मेणाचा थेंब डाग समजून खरवडू नका. त्याच्याखाली ती ओळ अजून स्पष्ट वाचता येते. ओठ हलवून बघा.