दाराला पाठ लावून

मी कपाट बोलतोय. दचकलात? दचका खुशाल. चव्वेचाळीस वर्षं लोकांचं सगळं पोटात घालून गप्प उभा आहे, आज चार शब्द बोललो तर बिघडलं कुठं?

लोखंडी आहे मी. हल्ली भुशाच्या फळ्यांची कपाटं येतात ना, वर्षा-दोन वर्षांत फुगून बसणारी, त्यातला नव्हे. म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागात एका पत्र्याच्या शेडमध्ये मला ठोकून, वाकवून, पिस्ता रंग मारून उभं केलं. एका दारावर लांबलचक आरसा. आत वरच्या अंगाला वेगळ्या कुलपाचा एक कप्पा. भानुमतीबाईंच्या वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी मला करून घेतलं होतं. टेम्पोतून उतरवताना हमालांच्या नाकी नऊ आले. मला हलवणं एकट्याचं काम नव्हे, हे तेव्हापासून या म्हैसूरच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

घर रंगाऱ्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, तरी घरात बोलणं मराठी, मधूनमधून कन्नड. भानुमतीबाईंचे सासरे मागच्या अंगणात झेंडूची फुलं उकळून पिवळा रंग काढायचे. नवरा, गुरुराव, साड्या छापायचे. आणि भानुमतीबाईंचं नाक! स्वयंपाकघरात बसून सांगायच्या, "अहो, तुमचा रंग करपतोय की." गुरुराव धावत जायचे, आणि खरंच करपत असायचा.

त्या वरच्या कप्प्यात त्यांच्या बाहुल्या राहायच्या. लाकडी राजा-राणी, लग्नात आईनं दिलेली जोडी. इकडे तिला पट्टद गोंबे म्हणतात. नवरात्रात पायऱ्या मांडून सगळ्यांत वर ही जोडी बसते. कप्प्याची किल्ली बाईंच्या कमरेला. जोडीला कुंकू लावून त्याच तिला उचलायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

मग गुरुराव गेले. मुलगा, सुदीप, कॅनडात. आणि त्या मोठ्या तापाच्या वर्षी बाई आजारी पडल्या, बऱ्या झाल्या, पण वास गेला तो गेलाच. कापूर नाही, कॉफी नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. अजून यायचाय. एकदा दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला, आणि बाई शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसलेल्या. त्या दिवशी त्या फार रडल्या. दुधासाठी नव्हे, हे मला कळत होतं.

सुदीप म्हणाला, मागची खोली भाड्यानं दे, सोबत होईल. त्या खोलीला बाहेरून वेगळा दरवाजा आहे. आत घराकडे उघडणारं दारही आहे. बाईंनी त्याला कडी घातली, आणि कडीवर भरवसा नाही म्हणून दोघा गड्यांकडून मला त्याच दाराला पाठ लावून उभं केलं. तेव्हापासून माझी पाठ बाईंकडे आणि तोंड भाडेकरूकडे. मला कुणी विचारलं नाही. कपाटाला कोण विचारतो?

गेल्या वर्षी कुशल आला. मूळचा नाशिकचा, चौतीस वर्षांचा, संगणकाचं काम, तेही बहुतेक घरूनच. बायकोपासून वेगळं झाल्याला वर्ष झालं होतं. मराठी बोलणारा म्हटल्यावर बाईंना कोण आनंद!

"कुशला, ऊट झालं का रे? म्हणजे जेवलास का?"

"झालं, काकू."

"हे बघ, कपाट सगळं तुझं. वरचा कप्पा तेवढा माझ्या गोंब्यांचा. नवरात्राच्या आदल्या दिवशी येऊन मी काढीन, हं?"

"चालेल की."

त्याच वेळी बाई आणखी एक बोलल्या. "मला एकटीला हे कपाट हलत नाही. तू स्वल्प हात लावलास तर बाजूला करू या. दार उघडं राहिलं तर कॉफी द्यायला बरं."

कुशल हसला. "असू द्या काकू, नंतर बघू."

ते नंतर काही आलं नाही. पण बाईंनी आपली युक्ती काढली. काही शंका आली की त्या दारावर टकटक करायच्या. ती टकटक माझ्या पाठीतून आरपार जायची. "कुशला, गॅसचा वास येतोय का बघ की!" मग हा चपला घालून, बाहेरून वळसा घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात जायचा, हुंगायचा, सांगायचा. दूध लागलंय का, आमटी आंबली का, फुलं शिळी झाली का. दिवसातून दोनदा, कधी चारदा. मला बरं वाटायचं हो. त्या घराला पुन्हा नाक आलं होतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. जूनमध्ये कुशलनं माझ्यातल्या खालच्या फळ्या काढल्या. कपडे खुर्चीवर गेले. माझ्या पोटाला आतून चकचकीत कागद चिकटवला, एक दिवा टांगला, तळहाताएवढा पंखा लावला, आणि मातीची कुंडी आणून ठेवली. त्यात एक बी. गांजाचं.

मी हादरलोच. ज्याच्यात पैठण्या राहिल्या, त्याच्यात हे! पण कोंब वर आला आणि माझी पंचाईत झाली. जन्मभर मी घडी घातलेल्या, निपचित वस्तू सांभाळल्या. माझ्या आत काही वाढतंय, असं कधी झालंच नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

कुशलला झोप लागत नव्हती, म्हणून हा उद्योग. कुणीतरी सांगितलं, यानं लागते. पण पुढं पुढं झोपेचं राहिलं बाजूला, आणि रोपटंच त्याचं माणूस झालं. सकाळी दार उघडून विचारायचा, "काय, कशी आहेस?" पानं पुसायचा. ऑफिसात काय झालं ते सांगायचा. दुपारी जेवताना ताट घेऊन माझ्यासमोर बसायचा. जागा ती केवढी! वर बाहुल्यांच्या कप्प्याचा तळ, तिथं शेंडा टेकायला लागला की हा दोरीनं फांदी खाली वाकवून बांधायचा. "वर नको जाऊस बाई, आडवी वाढ," म्हणायचा. आणि माझ्या पाठीमागं, हातभर अंतरावर, बाई एकट्या ताटावर बसलेल्या. दोघं एकाच वेळी जेवत होते. मध्ये मी.

वास? विचारू नका. ऑगस्टात कळ्या धरल्या, आणि खोलीत उभं राहवेना. हा खिडक्या लावून बसायचा, उदबत्त्या जाळायचा. पलीकडच्या घरात वेंकोजीराव राहतात, पोलिसातून निवृत्त झालेले हेडकॉन्स्टेबल. त्यांची पावलं वाजली की याचा जीव टांगणीला. भानुमतीबाईंची मात्र त्याला चिंता नव्हती. त्यांना वास येत नव्हता ना! एकदा फोनवर मित्राला म्हणालाही, "घरमालकीण सोयीची आहे रे." सोयीची! माझ्या पत्र्याला काटा आला.

याचा हिशेब असा की नवरात्राआधी झाड कापून मोकळं व्हायचं. पण कोंडलेलं रोपटं, आपल्या मनानं वाढणारं. आणखी दोन आठवडे हवे होते, आणि नवरात्र आलं की दाराशी.

"काकू, किल्ली द्या ना, मीच बाहुल्या काढून आणतो. तुम्हाला कशाला त्रास?"

"बेड बेड, नको नको! ती जोडी मीच उठवते. पोरीच्या जातीनं आपल्या गोंब्यांना आपणच हात लावायचा."

कुशलचं तोंड उतरलं. आदल्या दिवशी सकाळी त्यानं दिवा विझवला, झाडावर चादर टाकली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि नखं खात उभा राहिला. कापून टाकायचं होतं तर तेव्हाच कापता आलं असतं. कात्री दोनदा हातात घेतली त्यानं. दोनदा ठेवली.

बाई आल्या. नवी साडी, हातात कुंकवाची कोयरी. माझं दार उघडलं, वरच्या कप्प्याला किल्ली लावली, राजा-राणीला कुंकू लावलं आणि जोडी उचलली.

"अय्यो! गोंबे गरम कशानं रे?"

दिव्याची धग तीन महिने वर चढत होती. राणीच्या गालाचा रंग फुगून सुटला होता. बाईंनी चष्मा सारखा केला, खाली पाहिलं आणि चादर ओढली.

मला पापण्या असत्या तर मिटल्या असत्या.

बाई बघतच राहिल्या. हिरवीगार, हातासारखी बोटं पसरलेली कातरी पानं. दोरीनं बांधलेल्या फांद्या. वर दिवा. डोळ्यांत मोतीबिंदू अर्धा पिकलेला, आणि नाक तर नव्हतंच.

"चेंडूवू!" त्या म्हणाल्या. "झेंडू लावलास तू?"

कुशलनं कात्री उशीखाली सरकवली.

"माझ्या गोंब्यांसाठी? नवरात्रात फूल यावं म्हणून दिवा लावलास होय? तरीच लपवून ठेवलंस! अरे, आमचे मामंजी याच फुलांचा पिवळा काढायचे, तुला सांगितलं होतं मी एकदा. ध्यानात ठेवलंस रे!" हात पुढं करून त्यांनी एक पान चुरडलं, सवयीनं नाकाशी नेलं. मग हसल्या. "मेलं, मला काय कळायचं. पण वास दांडगा असणार. आहे ना?"

"आहे," कुशल म्हणाला. आणि मानही डोलावली मूर्खानं.

"ही कुंडी तिसऱ्या पायरीवर. राजा-राणीची बाग! थांब, वेंकोजीरावांना हाक मारते, उचलायला येतील. त्यांनाही बघू दे, माझ्या भाडेकरूनं माझ्यासाठी काय केलंय."

त्या दाराकडे निघाल्यासुद्धा. कुशल नुसता गप्प राहिला असता तर काय झालं असतं, तुम्हीच बघा. हेडकॉन्स्टेबल, गांजाचं झाड, आणि ते स्वतःच्या कपाटातून हौसेनं दाखवणारी म्हातारी. घर तिचं, कपाट तिचं. तेवढ्यात तो बॅग घेऊन सटकू शकला असता. बॅगेकडं त्याची नजर गेली, मी पाहिली.

"काकू, नका बोलावू."

"का रे?"

"झेंडू नाहीये तो."

"मग?"

"गांजा आहे."

बाई त्याच्या पलंगावर बसल्या. जोडी मांडीवर. बराच वेळ त्या राणीच्या गालावर बोट फिरवत होत्या.

"वास येतो त्याला?"

"हो."

"फार?"

"फार येतो, काकू."

"म्हणजे मला येत नाही म्हणून तू..." मग हळूच म्हणाल्या, "मी तुला रोज बोलावून विचारत होते की रे. गॅस आहे का, दूध लागलं का. ते सगळं खरं सांगितलंस?"

"खरंच सांगितलं! देवाशपथ, ते सगळं खरं होतं."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण आता मला कसं कळायचं?"

कुशलला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी आरडाओरडा केला असता, पोलीस बोलावले असते, तरी त्याला एवढं लागलं नसतं.

"माझ्या कपाटातून काढ ते," एवढंच म्हणून बाई गेल्या. वेंकोजीरावांना त्यांनी हाक मारली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

कुशलनं झाड कापलं, तुकडे तुकडे करून बादलीत बुडवलं, मातीत गाडलं. हुंदके देत होता. नवरात्र सरेपर्यंत खोलीत राहिला, पण दारावर एकदाही टकटक झाली नाही. मला साबणाच्या पाण्यानं तीनदा पुसलं त्यानं. काढलेल्या फळ्या परत बसवल्या. बाई जा म्हणाल्या नव्हत्या. हाच राहू शकला नाही. शेवटच्या दिवशी बॅग भरून माझ्यापुढं आला, माझ्या बाजूला खांदा लावून मला थोडं ढकलून पाहिलं. मी हललो नाही. हलणार कसा? पलीकडे बाई दाराशी उभ्या होत्या, मूठ वर करून. टकटक काही केली नाही. मग बाहेरचं दार लागलं.

पायऱ्यांवर यंदा जोडी मांडली होती, राणीचा गाल भिंतीकडे करून. आलेल्या बायकांना बाईंनी सांगितलं, हिला ऊन लागलं. बाहुल्या परत माझ्यात आल्या नाहीत, पत्र्याच्या ट्रंकेत गेल्या. माझा वरचा कप्पा रिकामा आहे. सुदीपनं गॅस कळणारं यंत्र पाठवलंय, ते भिंतीवर लुकलुकतं. दूध लागलेलं त्याला कळत नाही.

माझ्या पोटात तो वास अजून आहे. तीनदा पुसूनही गेला नाही. खोलीत कुणी शिरलं तर त्याला कळेल. बाईंना कळत नाही. त्या येतात, माझ्या आरशात कुंकू नीट करतात, जातात.

परवा मात्र एक झालं. दुपारची वेळ, आणि माझ्या पाठीत टकटक. "कुशला, दूध लागलं का रे बघ की!" मग बाईच पलीकडून, स्वतःशी म्हणाल्या, "अय्यो, हौदल्ला, खरंच. तो गेला की."

बाबांनो, माझं मागणं फार मोठं नाही. कुणी या बाजूला आलात तर मला या दारापुढून दोन हात सरकवा, बस्स. मला एवढं मजबूत केलं म्हणून मेटगळ्ळीच्या त्या कारागिराला मी आता शिव्या देतो. बाईंनी काल पलीकडून दाराची कडी काढून, पदर खोचून मला ढकलून पाहिलं, दोनदा. मग माझ्या पाठीला टेकून बसल्या. मला हलवायला दोन माणसं लागतात हो, आणि या घरात एकच आहे.